दोनशेचा जोहार, पाचशेची पावती

संपादकांनी कविता मागितली होती. खिशात हात घातला तर पाचशे रुपयांच्या चलनाची पावती हाताला लागली. म्हटलं, हिच्यावरच लिहू. कविता पुढच्या अंकात. पुढचा अंक निघालाच तर.

मी गोदीत ठेक्यावर हमाली करतो. जहाजावरच्या कंटेनरला सळया आवळायच्या, सोडायच्या. लॅशिंग म्हणतात त्याला. राहतो रे रोडला. घर म्हणाल तर जव्हार सोडून मोखाड्याकडं चढताना. आमची वाडी गावाच्या बाहेर आहे. बाहेर म्हणजे कुठल्या दिशेला, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको.

मागच्या होळीच्या आदल्या दिवशी आईला मोटरसायकलवर मागं बसवून गावी निघालो. आई महिनाभर माझ्याकडं होती, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. आम्ही बौद्ध, होळी करत नाही. पण होळीला आमचा सगळा मुलुख घरी परततो. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवरून, कल्याणच्या मजूर नाक्यावरून, मुंबईच्या बांधकामांवरून वारली येतात, कोकणा येतात, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी येतात. ज्या मित्राबरोबर शाळेत खिचडी खाल्ली तो वर्षातून तेव्हाच दिसतो. आणि या माणसांच्या खिशात वर्षातले पहिले चार पैसे तेव्हाच असतात. हे जसं सावकाराला ठाऊक असतं तसं नाक्यालाही ठाऊक असतं.

नाका कुठला ते सांगत नाही. आमच्या मुलखातला कुठलाही धरा. रस्त्यात आडवे बॅरिकेड, बाजूला जीप, जीपच्या सावलीत खुर्ची. दहा-बारा मोटरसायकली ओळीनं लावलेल्या. प्रत्येक गाडीपाशी एक पोरगा मान खाली घालून उभा. त्या पोरांची मान मी ओळखतो. माझीच मान ती.

मला हात केला. थांबलो. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. आईच्या डोक्यावर पदर.

‘लायसन.’

दिलं. त्यानं लायसन वाचलं नाही, आडनाव वाचलं. मग मला वर-खाली बघितलं.

‘मुंबईला काय करतो?’

‘गोदीत हमाल.’

‘बोलण्यावरनं पुढारी वाटतो. मागच्या बाईला हेल्मेट नाही. पावती फाडू, का समजून घेतो?’

समजून घेणं म्हणजे काय ते तुम्हाला समजतं. दोनशे. आई मागून कुजबुजली, ‘दे रं बाबा दोनशे. हात जोड न चल. उन्हं उतरलीत.’

खरं सांगतो. त्याआधी दोनदा मी दोनशे दिलेले आहेत. विद्रोहाच्या कविता लिहिणारा मी, नाक्यावर शंभराच्या दोन नोटा घडी करून मुठीतून मुठीत सरकवल्या आहेत आणि वर ‘साहेब’ म्हटलं आहे. हे छापा. यातलं काही कापू नका.

तिसऱ्यांदा का दिले नाहीत, तर तेवढ्यात एक पांढरी मोठी गाडी आली. पुढं झेंडी, आत सीटबेल्ट न लावलेला ड्रायव्हर. बॅरिकेड आपसूक सरकलं, सलाम ठोकला गेला, गाडी गेली. तिच्या मागोमाग त्यांच्यातलाच एक जण मोटरसायकलवरून आला. डोक्यावर हेल्मेट नाही, नुसती टोपी. माझ्या आईचा पदर गुन्हा आणि त्याची टोपी काय, शोभा? डोकं फिरलं. म्हटलं, ‘फाडा पावती.’

तो म्हणाला, ‘पाचशे होतील. वर लायसन तीन महिने जाईल. समजतं का?’

‘समजतं,’ म्हटलं. खरं म्हणजे पुरतं समजलं नव्हतं. ते नंतर समजलं, आणि त्यासाठीच हा लेख.

दोस्तांनो, आपण मोठ्या लढाया लढणारे लोक. मोर्चा, धरणं, घोषणा. नाक्यावरचं चलन आपल्याला लढाई वाटत नाही. ती आपण किरकोळीत काढतो. पण आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पोराची आयुष्यात व्यवस्थेशी पहिली गाठ पडते ती मंत्रालयात नाही, नाक्यावर पडते. तिथं तो जे शिकतो ते जन्मभर पुरतं. मान खाली घालायची, आडनाव हळू सांगायचं, मूठ दाबायची. हा जोहार आहे. आपल्या आज्याच्या आज्यानं पाटलाच्या वाड्यासमोर जमिनीला हात लावून जो घातला तोच. फक्त आता तो दोनशे रुपयांना पडतो.

आता हिशोब ऐका.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली आणि दंड कैक पट वाढले. महाराष्ट्रानं वाढीव दंड लागू केले डिसेंबर २०२१ मध्ये. हेल्मेटचं कलम १९४ डी. चालवणारा तर आलाच, पण मागं बसलेल्याच्या डोक्यावर नसलं तरी जबाबदार चालवणारा. कायद्यात दंड हजार रुपये, महाराष्ट्रात तडजोडीला पाचशे घेतात. पण खरी मेख पुढं आहे. त्याच कलमात लिहिलंय की लायसन तीन महिने अपात्र. पाचशे रुपये हा नुसता दरवाजा आहे. आत गेल्यावर विहीर आहे.

विहीर कशी, ते सांगतो. तीन महिने लायसन बंद असताना गाडी चालवताना सापडलात तर कलम १८२. दंड दहा हजार, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मुळात लायसनच नसेल तर कलम १८१, पाच हजार. विमा नसेल तर कलम १९६, पहिल्या वेळी दोन हजार. अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडी दिली तर कलम १९९ ए, बापाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

२०२५-२६ साली रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे हेल्मेटचे पाचशे म्हणजे दीड दिवसाच्या वर मातीकाम. लायसन नसल्याचे पाच हजार म्हणजे सोळा दिवस. बंद लायसनवर चालवल्याचे दहा हजार म्हणजे बत्तीस दिवस. आणि काम रोज मिळतं असं धरलं तर. पांढऱ्या गाडीतल्या माणसाचे पाचशे रुपये म्हणजे नाश्ता. आमच्या पोराचे पाचशे म्हणजे आठवड्याचा तांदूळ. कायदा म्हणतो, दोघांना सारखाच दंड. वा रे समता!

फिनलंड नावाच्या देशात १९२१ पासून दंड माणसाच्या कमाईवर लावतात. २०२३ साली तिथल्या ओलँड बेटावर एका धनाढ्य उद्योगपतीनं ताशी पन्नासच्या हद्दीत ब्याऐंशीनं गाडी हाणली. दंड किती? एक लाख एकवीस हजार युरो. रुपयांत कोटीच्या वर. तिथं हमालाला हमालाएवढा आणि शेटला शेटएवढा दंड बसतो. याला म्हणतात सारखा कायदा. आपल्याकडं ही मागणी कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात दिसली तर मला कळवा, मी गोदीत पेढे वाटीन.

आता माझं काय झालं ते सांगतो.

मला ट्रेलर चालवायचा आहे. सळया आवळून पाठीचा कणा तिशीत जातो, हे मी आमच्या टोळीतल्या जुन्या माणसांच्या चालण्यावरून रोज बघतो. ट्रेलरवाल्याला हमालापेक्षा बरे पैसे पडतात. त्याला हेवीचं लायसन लागतं. त्याच्या शिकाऊ लायसनसाठी आधी हलक्या वाहनाचं लायसन निदान वर्षभर हातात असावं लागतं. ते माझं झालं होतं. पैसे जमवले होते. अर्ज भरायचा तेवढा बाकी होता. आणि आरटीओची नोटीस आली.

गोदीतले मित्र म्हणाले, ‘गाढवा, दोनशे दिले असते तर?’ आमच्यातला एक जण आहे, पाच वेळा सापडला, पाच वेळा दोनशे दिले. त्याचं लायसन धुतल्या तांदळासारखं. कुठं डाग नाही. मी एकदा पावती फाडून घेतली आणि माझ्या नावावर डाग पडला. ठेकेदार मोबाईलवर लायसनचा नंबर टाकतो आणि बंद आहे का चालू ते बघतो. पावती त्याला दिसत नाही, स्वाभिमान तर दिसतच नाही.

हा प्रश्न खरा आहे. त्याला घोषणेनं उत्तर देता येत नाही. लाच देणाऱ्याचं रेकॉर्ड स्वच्छ आणि कायदा पाळून दंड भरणाऱ्याचं काळं, अशी ही रचना आहे. आम्ही प्रामाणिक व्हावं अशी तिची इच्छाच नाही. आम्ही कायमचे भित्रे राहावं अशी आहे. कारण दोनशे देणारा उद्याही सापडणार आणि उद्याही देणार. त्याच्या दोनशेनं त्याचं डोकं वाचत नाही, लायसन मिळत नाही, विमा निघत नाही. तो जिथं होता तिथंच राहतो. फक्त दोनशेनं हलका.

मी नोटिशीला गेलो. घाबरत गेलो, पण गेलो. जायच्या आधी कायद्याचं पुस्तक घेऊन बसलो. कलम १९ सांगतं की लायसन देणाऱ्या अधिकाऱ्यानं एखाद्याला अपात्र ठरवायच्या आधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, आणि हुकूम पटला नाही तर हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. मॅट्रिकला इंग्रजीत पस्तीस मार्क मिळवलेला मी. डिक्शनरी घेऊन चार रात्री काढल्या. मराठीत अर्ज लिहिला. लिहिलं की आईला हेल्मेट नव्हतं, चूक कबूल आहे. पहिलीच चूक आहे. दंड त्याच दिवशी भरला, पावती जोडली आहे. पोट या लायसनवर अवलंबून आहे. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. समोरच्या माणसानं वाचलं. म्हणाला, कायद्यात तीन महिने आहेत ते आहेत. तीन महिने लायसन बंद झालं.

त्या तीन महिन्यांत मी गाडीला हात लावला नाही. गावी एसटीनं गेलो, जिथं एसटी नव्हती तिथं काळ्या-पिवळीत गुडघ्यात मान घालून गेलो, पुढं चालत. वडील म्हणाले, रात्रीची घे गाडी, कोण बघतंय. मी म्हटलं, बघितलं तर दहा हजार आणि कैद. पाचशेचा डाग धुता येतो, कैदेचा नाही. चौथ्या महिन्यात लायसन सुटलं. हेवीचा अर्ज त्याच आठवड्यात टाकला. डाग पडला, पण माणूस बुडला नाही. आणि मान? ती एकदा वर झाली की पुन्हा खाली जायला त्रास देते, एवढं सांगतो.

इथं काही दोस्त म्हणतील, हा तर पोलिसांचा प्रचारक झाला. कायदाच त्यांचा, तर तो पाळायचा कशाला? फाडा चलन, जाळा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती नाही का जाळली?

जाळली. पण ज्या माणसानं ती जाळली त्यानंच पुढं संविधान लिहिलं, हे विसरू नका. जो कायदा मला माणूस मानत नाही तो मी जाळीन. पण हेल्मेटचा कायदा माझ्या कवटीला कवटी मानतो. सरकारी आकडा सांगतो, २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली पन्नास हजारांवर हेल्मेट नसलेली. आणि त्यातली चौदा हजारांवर मागं बसलेली. मागं बसलेली म्हणजे कोण? आई, बायको, बहीण, उचलून आणलेला मित्र. आमच्या घाटात एका वळणावर खडी सांडलेली असली की पुरे. माझ्या आईनं जन्मभर डोक्यावर हंडे वाहिले, मोळ्या वाहिल्या, दुसऱ्यांच्या घरांच्या विटा वाहिल्या. त्या डोक्यासाठी मी एक हेल्मेट घेतलं नाही. पोलिसाची मग्रुरी ही त्याची चूक. ही चूक माझी. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आपल्या चळवळीला हे जमलं पाहिजे.

बाबासाहेबांचीच गोष्ट घ्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत ती आहे. १९०१ चा सुमार. शाळकरी भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला, गोरेगावला वडलांकडं जायला. जात कळली तशी बैलगाडीवाले गाडी देईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, ते या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची. वाटेत टोलनाका लागला. तहानेनं जीव चाललेला. तिथल्या माणसाकडं पाणी मागितलं, मुसलमान आहोत असं सांगून मागितलं, तरी त्यानं दिलं नाही. पुढं १९२९ साली चाळीसगावला टांगेवाले त्यांना बसवून घ्यायला तयार होईनात, म्हणून वस्तीतल्या कधी टांगा न हाकलेल्या माणसानं टांगा हाकला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला.

वाहन कुणी चालवायचं, कुणी कुणाला बसवायचं आणि नाक्यावर कुणी कुणाला अडवायचं, हा या देशात कधीच नुसता रहदारीचा प्रश्न नव्हता. ज्यांना बैलगाडीत बसायला दुप्पट भाडं पडलं त्यांचा नातू आज ट्रेलरचं स्टिअरिंग मागतो आहे. म्हणून लायसन हे आमच्यासाठी प्लॅस्टिकचं कार्ड नाही. चाळीसगावच्या टांग्याचं ते उत्तर आहे. आपला माणूस गाडी चालवेल, शिकून चालवेल आणि उलटू देणार नाही. ते कार्ड दोनशेच्या सवयीपायी किंवा दहा हजाराच्या मूर्खपणापायी घालवायचं नाही.

हे नुसतं आपलंच नाही. अमेरिकेत मिझुरी राज्यात फर्ग्युसन नावाचं गाव आहे. तिथं २०१४ साली पोलिसानं एका काळ्या तरुणाला गोळी घातली, तेव्हा सरकारी चौकशी झाली. २०१५ च्या मार्चमध्ये अहवाल आला. वस्तीत काळे ६७ टक्के, पण अडवलेल्या गाड्यांत ८५ टक्के आणि फाडलेल्या चलनांत ९० टक्के. नगरपालिकेची तिजोरीच दंडावर चालवलेली. किरकोळ दंड थकला की वाढायचा, वाढला की वॉरंट, वॉरंटावरून तुरुंग. असा हिशोब आपल्याकडंही मांडला पाहिजे. नाक्यावर कोण थांबवला गेला आणि कोण सलामीत गेला, ते लिहून काढलं पाहिजे.

आणि ज्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत आपल्या पँथरनं नाव घेतलं, ते ओकलंडचे ब्लॅक पँथर काय करत होते? १९६६ पासून त्यांची पोरं पोलिसांच्या गाडीमागं फिरायची. पोलिसानं काळ्या माणसाला अडवलं की हे अंतर राखून उभे राहायचे आणि कायद्याचं पुस्तक उघडून मोठ्यानं कलमं वाचायचे. त्यांच्या हातात बंदूकही असायची, ती आपल्याला नको. पुस्तक पुरे. आणि १९६७ साली, शाळेजवळच्या ज्या चौकात पोरं गाड्यांखाली यायची तिथं सिग्नल बसवा म्हणून ते मागं लागले, स्वतः रस्त्यात उभं राहून रहदारी थांबवली. सिग्नल बसला. क्रांतिकारकांनी ट्रॅफिक सिग्नल मागितला! त्यात त्यांना लाज वाटली नाही. मग आपल्याला पावती मागायची लाज का?

म्हणून मी जे शिकलो ते सांगतो. कवितेत बसणार नाही, पण पाठ करा.

नाक्यावर थांबा, पळू नका. घाटात पळालेला पोरगा दरीत सापडतो. गणवेशातल्या पोलिसाला लायसन मागायचा अधिकार आहे, दाखवा. कागद मोबाईलमधल्या डिजिलॉकरवरचे चालतात, २०१८ पासून नियम तसा आहे. पण मोखाड्याच्या घाटात रेंज नसते, तेव्हा अस्सल जवळ ठेवा. आरसी, विमा, पीयूसी हे कागद त्या वेळी जवळ नसतील तर पंधरा दिवसांत दाखवायची सोय केंद्रीय नियम १३९ मध्ये आहे, हे शांतपणे सांगा. नोंदणी किंवा लायसन नसलेली गाडी कलम २०७ खाली ताब्यात घेता येते, पण ती रीतसर, लेखी. किल्ली हिसकावून खिशात घालायचं कलम मी सगळं पुस्तक चाळलं तरी मला सापडलं नाही. आवाज चढवू नका. आवाज चढवलात की चलनाचं प्रकरण सरकारी कामात अडथळ्याचं होतं, आणि तिथून पुढं लायसन नाही, नोकरीच जाते.

पैसे द्यायचे तर पावतीवर. ई-चलनाचा नंबर घ्या. कलम कुठलं, गाडीचा नंबर बरोबर आहे का, तारीख-वेळ बरोबर आहे का, बघा. चूक तुमची असेल तर भरा आणि मोकळे व्हा. नसेल तर भरू नका, कोर्टात सांगा. तडजोड ही तडजोड आहे, सक्ती नाही. जव्हारला कोर्ट आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, आणि कुठल्याही बाईला, फुकट वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे आमच्या पाड्यापाड्यावर रंगवून ठेवलं पाहिजे. थकलेली चलनं लोकअदालतीत निघतात. नोटीस आली तर तिची पुडी बांधू नका, तारखेला जा.

जुनी गाडी घेतली असेल तर नुसत्या स्टँपपेपरवर राहू नका. आमच्याकडं अर्ध्या गाड्या अशाच फिरतात, चार हात बदललेल्या, नाव पहिल्याच मालकाचं. चलन गाडीच्या नंबरवर चढतं. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवावं, असं कलम ५० म्हणतं. घेण्याआधी त्या नंबरवर किती चलनं थकलीत ते बघा. आणि नोंदणीत मोबाईल नंबर तुमचा आहे का, का विकणाऱ्या एजंटाचा, तेही बघा. मेसेज एजंटाला जातो आणि नोटीस येते तेव्हा आपल्याला कळतं.

लायसन नसलेल्या पोराला सांगतो. काढ, भाऊ. अपघात झाला आणि लायसन नसलं तर विमा कंपनी मेलेल्याच्या घरच्यांना पैसे देऊन ते गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. सुप्रीम कोर्टानं २००४ साली तो रस्ता दाखवलेला आहे. मालक म्हणजे तुझा बाप. बापाकडं काय आहे, दोन एकर डोंगर. तोही जाईल.

पण मग पोर म्हणतं, काढू कुठं? आमचा आरटीओ विरारला. मोखाड्याहून शंभर किलोमीटरच्या वर. पक्क्या लायसनच्या परीक्षेला एक दिवसाची मजुरी, जायचं-यायचं भाडं, वर एजंट. तालुक्याला शिबिर लागलं तर लागलं. माल वाहायच्या गाडीच्या लायसनला आठवीची अट होती, ती केंद्रानं २०१९ मध्ये काढली. म्हणजे तोवर शाळा सुटलेल्या पोराला दंड भरण्याचा अधिकार होता, लायसनचा नव्हता. याच मोखाड्यात २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका पाड्यावरच्या बाळंतिणीला डोलीत घालून पायी न्यावं लागलं, कारण पाड्याला रस्ता नव्हता. तिची जुळी वाचली नाहीत. मुंबई ज्या वैतरणेचं पाणी पिते ती आमच्या तालुक्यातून वाहते आणि आमच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. रस्ता द्यायला सरकार पोचत नाही. रस्ता झाला की नाका मात्र दुसऱ्या दिवशी पोचतो.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. जव्हारला आणि मोखाड्याला दर महिन्याला ठरलेल्या तारखेला लायसनचं शिबिर, होळीच्या आणि दिवाळीच्या आठवड्यात जादा, कारण तेव्हाच पोरं घरी असतात. नाक्यावर दंडाच्या दरांचा मराठी फलक. प्रत्येक गणवेशावर वाचता येईल अशी नावपट्टी. आणि २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम २१० बी त्या फलकावर सगळ्यांत वर, ठळक. ते म्हणतं, हा कायदा राबवणाऱ्यानंच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड. होय, दुप्पट! त्या टोपीवाल्याची पावती माझ्या पावतीच्या दुप्पट व्हायला पाहिजे होती. हे कलम त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. आता आहे. आता तुम्हालाही आहे.

येत्या होळीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्याच रस्त्यानं जाणार. या वेळी आठ-दहा जण चला. नाक्यापासून वीस पावलांवर उभे राहू. कुणाच्या अंगावर जायचं नाही, घोषणा नाही. हातात कायद्याचं पुस्तक, वही आणि पेन. अडवलेल्या पोराच्या बाजूला जाऊन एवढंच म्हणायचं, ‘पावती माग.’ एका दिवसात दहा पोरांनी पावती मागितली तरी त्या खुर्चीखालची जमीन हलेल. बघा हलते की नाही.

आईसाठी आयएसआय मार्कचं हेल्मेट घेतलं आहे. घातलं तेव्हा म्हणाली, ‘काही ऐकू येत नाय रं यातून.’ म्हटलं, नको ऐकू येऊ दे. नाक्यावर काय बोलायचं ते मी बोलेन.